ग्रानाडाचा संगीतोत्सव

स्पेनच्या दक्षिणेस ग्रानाडा नगरीतील एका टेकडीवर आल्हांब्रा हा मूर सुलतानांचा प्रासादसमूह उभा आहे. १४९२ मध्ये हे राज्य ख्रिस्ती राजांच्या हाती गेले आणि १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या आज्ञेने तेथेच एका नव्या प्रासादाचे बांधकाम सुरू झाले. पेद्रो माचुका याने आखलेली ही वास्तू बाहेरून चौकोनी आहे. आत मात्र वर्तुळाकार चौक, सभोवार स्तंभांच्या दोन मजली ओळी आणि वर मोकळे आकाश. सम्राटाने येथे कधीच वास्तव्य केले नाही. बांधकामही शतकानुशतके अपुरेच राहिले. राजाच्या उपयोगी न पडलेला हा चौक पुढे संगीताच्या उपयोगी पडला.

१८८३ पासून कॉर्पस क्रिस्ती या सणाच्या दिवसांत येथे वाद्यवृंदांच्या मैफली होऊ लागल्या. ग्रानाडाच्या आजच्या उत्सवाचे मूळ येथे आहे.

दुसरा प्रवाह आला तो लोकसंगीताचा. १९२० च्या सुमारास संगीतकार मान्वेल दे फाया ग्रानाडात स्थायिक झाला. ‘कान्ते होन्दो’, म्हणजे ‘खोल गान’, हे आंदालुसियातील प्राचीन गायन रंगमंचावरील बाजारू सादरीकरणामुळे नष्ट होईल, अशी त्याला भीती वाटत होती. म्हणून जून १९२२ मध्ये आल्हांब्राच्याच परिसरात एक स्पर्धा भरविण्यात आली. एकवीस वर्षांवरील धंदेवाईक गायकांना तिच्यात प्रवेश नव्हता. पारितोषिके मिळविणाऱ्यांत दिएगो बेर्मूदेस हा वृद्ध गायक होता, तसाच पुढे मानोलो काराकोल या नावाने गाजलेला बारा वर्षांचा मुलगाही होता. या उपक्रमात फायाच्या खांद्याला खांदा लावून उभा होता चोवीस वर्षांचा कवी फेदेरिको गार्सिया लोर्का. गिटारवादक आंद्रेस सेगोविया यानेही तेथे वादन केले.

१९३६ मध्ये यादवी युद्ध भडकले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्रानाडाजवळ फ्रँकोच्या पक्षाच्या लोकांनी लोर्काची हत्या केली. फाया १९३९ मध्ये आर्जेन्टिनाला गेला आणि १९४६ मध्ये तेथेच निवर्तला.

१९५२ मध्ये ‘स्पॅनिश संगीत व नृत्य’ या नावाने पहिला उत्सव भरला, तो फ्रँकोच्या राजवटीत. जगापासून तुटलेल्या त्या राजवटीला परदेशी पाहुणे आणि प्रतिष्ठा हवी होती. कलावंतांना व्यासपीठ हवे होते. आताउल्फो आर्खेंता याने वाद्यवृंदाचे संचालन केले. १९३६ मध्ये देश सोडून गेलेला सेगोविया या उत्सवासाठी परतला. १९२२ च्या त्या तिघांपैकी तो एकटाच उरला होता.

लवकरच उत्सवाला आंतरराष्ट्रीय स्वरूप आले. नृत्यासाठी खेनेरालीफेच्या उद्यानात सरूच्या उंच झाडांच्या पार्श्वभूमीवर खुले नाट्यगृह उभारण्यात आले. याच उद्यानावरून फायाने आपल्या एका विख्यात रचनेच्या पहिल्या भागाला नाव दिले होते, आणि तेही ग्रानाडात राहावयास येण्यापूर्वी. १९७० मध्ये त्याच्या नावाने संगीताचे अभ्यासवर्ग सुरू झाले. १९७५ मध्ये फ्रँकोचा मृत्यू झाला आणि त्याची राजवट लयाला गेली. उत्सव मात्र चालू राहिला. १९७८ मध्ये फायाच्या जुन्या घराशेजारी त्याच्याच नावाचे सभागृह उघडले.

ग्रानाडात उन्हाळ्याच्या रात्री हा उत्सव आजही भरतो. त्याचा इतिहास वाचताना एक गोष्ट विसरता येत नाही. ज्यांनी या टेकडीवर लोकगानाला मानाचे स्थान मिळवून दिले, त्यांपैकी दोघांना तो पाहावयास मिळाला नाही. आणि ज्या सत्तेमुळे असे घडले, तिच्याच आश्रयाने तो वाढला. कला सत्तेचा आश्रय घेते, पण तिचे आयुष्य सत्तेच्या आयुष्याशी बांधलेले नसते, याची साक्ष सम्राटाचा तो गोल चौक देतो.