स्पार्क नसलेली गाडी सकाळी अडते का?

प्रश्न : घरचा जुना ४०७ आहे, कांद्या-द्राक्षांच्या फेऱ्या करतो. थंडी पडली की सकाळी स्टार्ट होत नाही. एकदा सुरू झाला की दिवसभर तक्रार नाही. एक मिस्त्री म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो पंप उतरवा. डिझेल गाडीला स्पार्क प्लगच नसतो, मग पेटण्याचा आणि बॅटरीचा संबंध काय? आणि दोघांपैकी खरं कोण, हे कसं ओळखायचं?
– एक वाचक, निफाड

उत्तर : संबंध आहे, आणि अगदी जवळचा आहे. पेट्रोलच्या जुन्या जीपमध्ये कॉइल, सीबी पॉइंट आणि प्लग मिळून ठिणगी पाडतात. डिझेलमध्ये ते काम दाबलेली हवा करते. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा आवळून सतरा-अठरा पट लहान जागेत बसवतो. तेवढ्यात ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि नोझलमधून उडालेलं डिझेल तिच्यात आपोआप पेट घेतं.

मात्र हे सगळं झटक्यात व्हावं लागतं. इंजिन रेंगाळत फिरलं तर हवेची ऊब गार सिलिंडर ओढून घेतो आणि थोडी हवा रिंगांमधून निसटते. मग पंप कोरा करकरीत असला तरी डिझेल पेटत नाही. निफाडच्या थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि इंजिन ऑइलही दाट होतं, म्हणजे जोर कमी आणि ओझं जास्त. म्हणूनच कमजोर बॅटरीचा दोष पुष्कळदा पंपाच्या माथी मारला जातो.

बिघाड ओळखायला आधी कान लावा. हेडलाइट चालू ठेवून सेल्फ मारा. लाइट मंदावून विझला किंवा नुसतं कटकट वाजलं, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड चढली असेल तर ते काढून, घासून, घट्ट बसवा. लाइट तसाच झगझगीत राहिला आणि सेल्फ गप्प असेल, तर करंट तिथवर पोचतच नाही. सोलेनॉइडच्या बारीक वायरला टेस्ट लॅम्प लावा आणि कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. दिवा लागला नाही तर इग्निशन स्विच किंवा त्याची वायर तपासा. दिवा लागूनही सेल्फ हलला नाही, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा सेल्फचे ब्रश पाहा.

सेल्फ फिरतो पण जीव नसल्यासारखा? मग मीटर काढा. रात्रभर उभ्या गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास आकडा हवा, १२.२ म्हणजे ती जेमतेम निम्मी भरलेली आहे. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी तपासून घ्या. नवी आणण्याआधी आणखी एक चाचणी करा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. जुन्या गाड्यांत हा दोष सर्रास सापडतो आणि तो थोडक्या खर्चात जातो.

सेल्फ दणक्यात फिरतो, तरी गाडी लागत नाही? आता सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही : कॉम्प्रेशन, नोझल किंवा टायमिंगचा संशय घ्या. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. ओढून इंजिन बंद करायची स्टॉप केबल असेल, तर आधी तीच पाहा. ती अडकून पंपाचा लिव्हर बंदच्या जागी राहिला, तर दिवसभर सेल्फ मारूनही काही होणार नाही. मग फिल्टरमधलं पाणी काढा आणि लाइनमधली एअर काढा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारत राहा. फेसाळ डिझेल थांबून सलग धार लागली की स्क्रू आवळा.

तुमची गाडी फक्त सकाळीच अडते, म्हणून तुम्हाला एक नेमकी परीक्षा सांगतो. उद्या पहाटे किल्लीला हात लावण्याआधी प्रायमर कडक होईपर्यंत मारा. त्यानंतर गाडी पटकन लागली, तर रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतंय. कुठला तरी पाइप चिरलेला आहे किंवा वॉशर हवा घेतंय. प्रायमर मारूनही सेल्फ कुंथतच फिरला, पण गाडी धक्क्याने चटकन सुरू झाली, तर पंप निर्दोष आहे. बॅटरी, अर्थिंग किंवा सेल्फकडेच जा.

तीन गोष्टी मात्र जपा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. आणि गाडीखाली शिरून पान्याने सेल्फ शॉर्ट करू नका. जुना मेकॅनिकल पंप असलेली गाडी किल्ली बंद असतानाही सुरू होऊ शकते. ती गिअरमध्ये राहिली असेल तर सरळ अंगावर येते. धावत्या इंजिनच्या नोझल पाइपच्या गळतीसमोर हात धरू नका. तो फवारा कातडी फोडून आत शिरतो.

तेव्हा पंप उतरवायला आजच होकार देऊ नका. पंप काढून बसवला की टायमिंग पुन्हा जुळवावं लागतं, आणि ते चुकलं तर नसलेला दोष पदरात पडतो. मीटर, अर्थिंग, प्रायमर या क्रमाने जा; पंपाची पाळी सगळ्यात शेवटी.