बुडबुडे थांबले तरी बाटल्या भरू नका

एअरलॉकमधले बुडबुडे थांबले की बिअर झाली, असं धरून चालणारे बरेच भेटतात. त्याचा परिणाम मी मिनेसोटात एका मित्राच्या तळघरात पाहिला आहे. ऐन जानेवारीत लावलेली बिअर. बुडबुडे लवकरच थांबले, त्याने बाटल्या भरून कपाटात ठेवल्या. मे महिन्यात तळघर तापलं आणि एका रात्री त्या फुटल्या. सकाळी मदतीला गेलो, तर काचा समोरच्या भिंतीत छातीच्या उंचीवर रुतलेल्या होत्या. तिथे कुणी उभं नव्हतं म्हणून निभावलं. उरलेल्या बाटल्या जाड हातमोजे आणि गॉगल घालून, वर टॉवेल टाकून एकेक उघडल्या.

थंडीने यीस्ट नुसतं निजलं होतं, साखर शिल्लकच होती. त्यात फेसासाठी बाटलीबंद करताना घालतात ती साखर. हायड्रोमीटरने मोजलेल्या घनतेचं रीडिंग अवघे चार अंक उतरायचं राहिलं, म्हणजे 1.012 ऐवजी 1.016 वर बाटली भरली, तरी त्या घातलेल्या साखरेइतकाच वायू जवळजवळ पुन्हा तयार होतो. काच किती सोसणार?

बुडबुड्यांवरून एवढंच कळतं की वायू त्या वाटेने बाहेर पडतोय. झाकण नीट बसलं नसेल तर आत जोरात काम चालू असूनही एअरलॉक गप्प राहतो. उलट सगळं संपल्यावरही खोली तापली की विरघळलेला वायू सुटतो आणि बुडबुडे येतच राहतात. इडलीचं पीठ नजरेला कळतं, बिअर कळत नाही. हायड्रोमीटरला पर्याय नाही. (रिफ्रॅक्टोमीटर अल्कोहोल असताना जास्त आकडा दाखवतो, त्यावर विसंबू नका.)

यीस्ट घालण्याआधीचं रीडिंग लिहून ठेवा. ते 1.050 असेल, तर नेहमीचं एल यीस्ट बहुधा 1.012 च्या आसपास थांबतं. तिथे पोचल्यावर दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि पुन्हा मोजा. आकडा तोच हवा. मोजण्याआधी नमुना एका पेल्यातून दुसऱ्यात ओतून वायू काढून टाका, कारण काचेला चिकटलेले बुडबुडे हायड्रोमीटर वर उचलतात. नमुना परत फर्मेंटरमध्ये ओतू नका, चाखून बघा. लोण्यासारखी चव लागली तर यीस्टला आणखी थोडे दिवस उबेत ठेवा.

खरा धोका आकडा 1.020 ला अडकून दोन्ही वेळा तोच येतो तेव्हा असतो. स्थिर आहे, पण संपलेलं असेलच असं नाही. अशा वेळी थोडी बिअर स्वच्छ बरणीत घ्या, चिमूटभर ताजं यीस्ट घाला आणि झाकण सैल ठेवून बरणी उबेत ठेवा. काही दिवसांत ती जिथे थांबेल, साधारण तिथवर मोठा फर्मेंटरही उतरू शकतो. तोवर फर्मेंटर 20-21 अंश सेल्सियसवर आणा. सेझाँ प्रकारच्या बिअरच्या काही यीस्टना तर इतरांना न पचणारी साखरही हळूहळू पचते, तिथे जास्तच धीर धरा.

हे अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी लिहितो आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. अमेरिकेत बनवणाऱ्यांना एकच कळकळीची विनंती: बरणीचा आणि फर्मेंटरचा आकडा जुळेपर्यंत झाकणं लावायला घेऊ नका.