खोकं उघडण्याआधी भिंतीकडे बघा

गेल्या पावसाळ्यात लेकीनं नाशिकहून कॉफीचं मशीन आणलं. त्र्यंबक, मोखाडा करत गाडी जव्हारला पोचली तेव्हा अंधारून आलं होतं. बाहेर धुकं, पावसाची झड. धीर कुणाला होता? खोकं फोडलं, मशीन ओट्यावर मांडलं. प्लग जाड पिनांचा आणि ओट्याजवळचा सॉकेट छोटा, म्हणून कपाटातला कन्व्हर्टर लावला.

तिसरा कप होताना जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. मी प्लग ओढायला हात पुढे केला, तेवढ्यात लेकीनं मेन स्विच पाडला. गार झाल्यावर पाहिलं, तर सॉकेटची भोकं वितळून वाकडी झालेली आणि भोवती तपकिरी डाग.

मशीनच्या तळाला 1450 वॅट असं लिहिलेलं होतं. त्याला 230 व्होल्टनं भागलं की 6.3 अँपिअर येतात. आमचा सॉकेट 6 अँपिअरचा. एवढा साधा हिशेब मी आधी केला नाही.

म्हणून सांगते, मशीन घरात येण्याआधी वायरमनला बोलवा. 16 अँपिअरचा सॉकेट आणि त्याला पेलेल अशी वायर ओढून घ्या. कन्व्हर्टर नको, एक्स्टेन्शन बोर्डही नको. अर्थिंग तपासूनच घ्या. आमच्या या डोंगरावर थोडं खणलं की मुरूम नाहीतर कातळ लागतो आणि उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग कमकुवत होतं. पाणी आणि वीज शेजारी असलेल्या यंत्राला हे चालत नाही. पावसात लाइट गेली की बटण बंद करा आणि वीज परत येऊन स्थिर झाल्यावरच सुरू करा.

पहिल्या दिवशी कॉफीची घाई करू नका. टाकी भरा आणि नुसतं पाणी सोडा. पंप कोरडा घरघरत राहिला तर नळीत हवा अडकलेली असते. मशीन बंद करून टाकी नीट बसलीय का बघा, मग मशीन पुन्हा सुरू करा आणि गरम पाण्याची नळी उघडून सलग धार लागेपर्यंत थांबा. एक-दोन टाक्या पाणी असंच जाऊ द्या, म्हणजे नवेपणाचा वास जातो.

पाणी बोअरचं असेल तर रोजचं पातेलं बघा. त्याच्या तळाला जो पांढरा थर धरतो, तोच मशीनच्या आतही धरतो. गाळलेलं, कमी क्षारांचं पाणी वापरा आणि माहितीपुस्तिकेत सांगितलंय तसे क्षार वेळच्या वेळी काढा. वाफेचा दाब असताना हँडल कधीही सोडवू नका.

तो वितळलेला सॉकेट मी फेकलेला नाही. कुणी मशीन घ्यायचं म्हणालं, की आधी तो त्यांच्या हातात देते.