'आम्ही' आणि 'आपण' : नाताळच्या शुभेच्छा लिहिताना

शास्त्रभाग : प्रे. कृत्ये १५:२२-२९, रोम. १:१-७, प्रे. कृत्ये २६:१-२९

नाताळ जवळ आला की आपण मंडळीतील बंधुभगिनींना शुभेच्छा पाठवतो; तसेच हिंदू, मुस्लिम, शीख शेजाऱ्यांना व कचेरीतील सहकाऱ्यांनाही पाठवतो. सर्वांसाठी एकच मजकूर लिहिताना दोन मोह होतात. कोणी दुखावू नये म्हणून ख्रिस्ताचे नावच गाळावे, हा पहिला; शुभेच्छेच्या निमित्ताने उपदेश उरकून घ्यावा, हा दुसरा. पवित्र शास्त्र याहून चांगला मार्ग दाखवते.

१. वाचकाच्या ओळखीचे अभिवादन. यरुशलेमेतील यहूदी वडिलांनी अंत्युखियाच्या परराष्ट्रीय बंधूंना लिहिताना ग्रीक पत्रांतील रोजचाच शब्द 'खाइरेइन' वापरला. पौलाने त्याच्याशी नाते सांगणारा 'खारिस', म्हणजे कृपा, हा शब्द घेतला आणि त्याला यहूद्यांच्या 'शालोम'ची, म्हणजे शांतीची, जोड दिली. रोममधील यहूदी व हेल्लेणी या दोघांनाही त्या अभिवादनात आपलेपण वाटले असेल. तरीही ही कृपा व शांती कोणाकडून येते, हे पौलाने लपवले नाही.

२. सर्वनामाचा विवेक. ग्रीक भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' यांसाठी एकच सर्वनाम आहे. म्हणून मराठी भाषांतरकाराला प्रत्येक ठिकाणी विचारावे लागते : ऐकणारा यात आहे की नाही? यरुशलेमेचे वडील स्वतःचा निर्णय कळवतात, तेथे 'आम्ही' योग्य; पौल विश्वासणाऱ्यांना देवपित्याविषयी लिहितो, तेथे 'आपला' योग्य. शुभेच्छापत्रातही हाच प्रश्न उभा राहतो. 'आपला तारणारा जन्मला' हे मंडळीत शोभते. परंतु ज्याने तो विश्वास स्वीकारलेला नाही, त्याच्या तोंडी आपण न विचारता कबुली घालतो. उलट सारेच 'आमचे' म्हटले, तर शेजारी उंबऱ्याबाहेर राहतो. म्हणून विश्वास 'आम्ही'ने सांगावा, आनंदाला 'आपण' म्हणून बोलवावे.

३. आदर आणि स्पष्टता. फेस्ताने पौलाला मोठ्याने वेडा म्हटले. पौलाने त्याच्या पदाला साजेशा आदराने उत्तर दिले. मात्र पुनरुत्थानाची साक्ष मागे घेतली नाही. सौजन्य आणि सत्य यांत निवड करावी लागत नाही.

४. आचरणात. पुढील मजकूर पाहा :

'येशू ख्रिस्ताच्या जन्माचा सण आम्ही आनंदाने साजरा करीत आहोत. तुमच्या घरी शांती व आरोग्य नांदो, अशी आमची प्रार्थना आहे. फराळाला अवश्य या. आपण मिळून बसू.'

येथे ख्रिस्ताचे नाव आहे, कोणावर कबुली लादलेली नाही, आणि बोलावणे खरे आहे. 'तारण', 'अभिषिक्त' असे मंडळीतील शब्द स्पष्टीकरणाविना घालू नयेत. हिंदी प्रांतात राहणाऱ्यांनी 'बड़ा दिन' हा तेथील परिचित शब्द खुशाल वापरावा. ज्या घरी वर्षभरात मृत्यू झाला आहे, तेथे अनेक कुटुंबे सण करीत नाहीत. तेथे छापील पत्र न धाडता सांत्वनाच्या दोन ओळी स्वहस्ते लिहाव्यात.

फराळाला बोलावले असेल, तर त्या दिवशी दारही उघडे असावे. पत्रातील 'आपण' तेव्हाच खरा ठरतो.

मननासाठी प्रश्न
१. गतवर्षीच्या आपल्या शुभेच्छांत 'आपण' कोठे होता?
२. यंदा कोणत्या शेजाऱ्याला वेगळा मजकूर लिहावा लागेल?