एका ओळीची साक्ष

मुलांनो, तुमच्या पणजोबांच्या आजोबांचे नाव तुम्हांला सांगता येईल काय? राजांची नावे इतिहासात राहतात. पण शेतकरी, विणकर, सुतार यांची नावे तीनचार पिढ्यांतच विस्मृतीत जातात. इंग्लंडमध्ये मात्र अशा सामान्य माणसांच्याही चारशे वर्षांपूर्वीच्या नोंदी सापडतात. त्या राजवाड्यांत नव्हे, तर गावोगावच्या चर्चमध्ये लिहिल्या गेल्या.

इ. स. १५३८ मध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने आज्ञा केली, की प्रत्येक चर्चच्या पाद्र्याने एक वही ठेवावी आणि बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद तीत दर आठवड्यास करावी. बाप्तिस्मा म्हणजे बालकाला ख्रिस्ती धर्मात घेण्याचा जलसंस्कार. ही वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावयाची. एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या गावकऱ्यांकडे. एकट्याने पेटी उघडता येऊ नये, हा हेतू. पुढे १५९८ मध्ये जुन्या नोंदी टिकाऊ चर्मपत्रावर उतरवून काढण्याचा हुकूम झाला. इंग्लंडात सरकारी जन्ममृत्यूनोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. त्यापूर्वीच्या कुळांचा माग काढावयाचा, तर चर्चच्या वह्या हाच मुख्य आधार.

त्या वाचाव्या कशा, हे एका कुटुंबाच्या उदाहरणावरून पाहू. स्ट्रॅटफर्ड या गावी जॉन शेक्सपिअर नावाचा हातमोजे करणारा कारागीर राहत असे. तेथील चर्चच्या वहीत २६ एप्रिल १५६४ या तारखेस लॅटिन भाषेत एक ओळ आहे. ‘जॉन शेक्सपिअर याचा मुलगा विल्यम’ एवढाच तिचा अर्थ. हा मुलगा पुढे जगप्रसिद्ध नाटककार झाला. ही ओळ आपणांस काय सांगते? त्या दिवशी बालकाचा बाप्तिस्मा झाला, इतकेच. जन्म कोणत्या दिवशी झाला, हे ती सांगत नाही. २३ एप्रिल हा त्याचा जन्मदिवस मानतात, तो केवळ परंपरेने. लिहिलेले काय आणि मानलेले काय, हा भेद ओळखणे हा संशोधनाचा पहिला धडा होय.

आता दुसरी गोष्ट. १५ सप्टेंबर १५५८ रोजी याच घरातील जोन नावाच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. आणि १५ एप्रिल १५६९ रोजी पुन्हा जोन याच नावाच्या मुलीचा! एका घरात दोन जोन कशा? त्या काळी मूल दगावले, म्हणजे तेच नाव पुढील अपत्यास देण्याची रीत होती. पहिल्या जोनच्या दफनाची नोंद मिळत नाही. तरी ती लहानपणीच वारली असावी, असे अनुमान निघते. ‘असावी’ हा शब्द ध्यानात ठेवा. नोंद मूक असेल तेथे अनुमान करावे. परंतु त्याला अनुमानच म्हणावे.

शिवाय, लिहिणारा हाही माणूसच. १५८२ च्या नोव्हेंबरात विल्यमचा विवाह ठरला, तेव्हा वुस्टर येथील बिशपच्या कचेरीतून परवाना घ्यावा लागला. तेथील २७ तारखेच्या नोंदीत वधूचे नाव ॲन व्हेटली असे आहे, तर दुसऱ्याच दिवशीच्या जामीनपत्रात ॲन हॅथवे असे. विल्यमची पत्नी ॲन हॅथवे हीच होती. तेव्हा पहिले नाव बहुधा कारकुनाच्या चुकीने पडले असावे. म्हणून एकाच कागदावर विसंबू नये. दुसऱ्याशी ताडून पाहावा.

विल्यमला हॅम्नेट व ज्यूडिथ ही जुळी मुले झाली. त्यांच्या बाप्तिस्म्याची तारीख वहीत २ फेब्रुवारी १५८४ अशी आहे; पण आपल्या गणनेने ते वर्ष १५८५ ठरते, कारण त्या काळी इंग्लंडात नवे वर्ष २५ मार्चपासून धरीत. पुढे त्याच वहीत ११ ऑगस्ट १५९६ या दिवशी हॅम्नेटच्या दफनाची ओळ येते. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयाचा. पित्याची नाटके जगभर वाचली जातात; पण हा मुलगा होऊन गेला, याची साक्ष मुख्यतः या दोन ओळीच देतात. त्या लिहिणाऱ्याने कंटाळा केला असता, तर?

आपल्याकडेही गोव्यातील व वसईतील चर्चमध्ये अशा नोंदवह्या ठेवतात; गोव्यातील जुन्या नोंदी पोर्तुगीज भाषेत आहेत. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या कुळांची नावे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली आढळतात. अशी वही पाहण्याचा योग आला, तर प्रथम परवानगी घ्यावी, हात स्वच्छ ठेवावे आणि पानावर खूण करू नये.

परंतु शोधाचा आरंभ घरातूनच करावा. आज सायंकाळी आजीजवळ बसा. तिच्या आईचे, आजीचे नाव विचारा. त्यांचे गाव विचारा. आजी जे सांगेल ते वहीत उतरवा, आणि त्याखाली आजची तारीख घाला. कदाचित तुमचीही ओळ पुढे कोणाला साक्ष देईल.

स्वाध्याय

१. नोंदवहीच्या पेटीला दोन कुलपे का असत?
२. बाप्तिस्म्याच्या तारखेवरून जन्मतारीख निश्चित का सांगता येत नाही?
३. ‘असावी’ व ‘आहे’ या शब्दांतील फरक पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. आपल्या घराण्यातील चार पिढ्यांची नावे मिळवून वंशवृक्ष काढा. प्रत्येक नाव कोणाकडून कळले, तेही लिहा.