तेरा महिन्यांत उतरलेला आवाज

प्रश्न : लेड झेपेलिनचा ‘हाऊ द वेस्ट वॉज वन’ हा लाइव्ह अल्बम ऐकून अंगावर काटा आला. मग मोठ्या अपेक्षेने ‘द साँग रिमेन्स द सेम’ लावला आणि हिरमोड झाला. गाणारा तोच रॉबर्ट प्लांट ना? की रेकॉर्डिंगच फसलंय? – एक वाचक, सांगली

उत्तर : गाणारा तोच, गळा तेरा महिन्यांनी जुना. तुम्हाला आवडलेला अल्बम बाजारात आला 2003 साली, पण त्यातलं गाणं जून 1972चं, लॉस एंजेलिस आणि लाँग बीचच्या दोन रात्रींचं. दुसरा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला, 27 ते 29 जुलै 1973चा. मे महिन्यात सुरू झालेल्या अमेरिका दौऱ्याच्या या शेवटच्या तीन रात्री. प्लांट तेव्हा पंचविशीचाही नव्हता, त्यामुळे वयाला दोष देता येत नाही.

मधल्या काळात गळ्याची पार दमछाक झाली होती. दौऱ्यामागून दौरे, अडीच-तीन तासांचे कार्यक्रम, आणि 1973च्या जानेवारीत फ्लू. त्यापायी इंग्लंडमधले काही कार्यक्रम पुढे ढकलावे लागले. वरच्या स्वरांत स्वरतंतू सेकंदाला चारशे-पाचशे वेळा एकमेकांवर आदळतात. सुजलेल्या तंतूंवर तेवढा ताण टाकला की आवाज फाटतो किंवा उमटतच नाही. त्यात बँडमधल्या बॉनमचे ड्रम्स आणि पेजची गिटार यांचा दणदणाट. त्या काळी गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारे रंगमंचावरचे स्पीकर बेताचेच असत. आवाज कानावर आला नाही की माणूस आणखी ओरडतो.

आपल्याकडे गायक सरळ सांगतो, ‘आज काळी एक नको, पांढरी एक ठेवा.’ पेटीवाला बोटं सरकवतो, काम झालं. रॉक गिटारवर ते इतकं सोपं नाही. कित्येक रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हापुन्हा येणारे तुकडे, मोकळ्या तारांवर बेतलेले असतात, पट्टी उतरवायची तर तारा ढिल्या कराव्या लागतात. प्लांटने पट्टी तीच ठेवली आणि चाल बदलली. ‘रॉक अँड रोल’ ऐका. मूळ रेकॉर्डवर जिथे तो वर झेपावतो, तिथे इथे खालच्या स्वरांवरून वळसा घालतो. 1972ला कार्यक्रम उघडणारं ‘इमिग्रंट साँग’, त्यातल्या त्या प्रसिद्ध आरोळ्यांसकट, या दौऱ्यात गाळलंच होतं. आणि अल्बमला नाव देणारं गाणं तर स्टुडिओतच प्लांटचा आवाज किंचित वेगवान करून भरलेलं! रंगमंचावर ती सोय कुठली?

  

तेव्हा हिरमोडाचं सगळं खापर गळ्यावर फोडू नका. सव्वीस मिनिटांहून लांबलेलं ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ हा काही प्लांटचा गुन्हा नव्हे. शिवाय तुमच्या कानात 1972 ताजं होतं. माझ्या मते ‘द रेन साँग’मध्ये तो या अल्बमवर सर्वांत सुरेल आहे, कारण तिथे आवाज फार ताणावा लागत नाही. 2007 साली अल्बमची सुधारित आवृत्ती आली, त्यात सहा गाणी वाढली आहेत. पुन्हा ऐकायचा झालाच तर ती घ्या.

त्याच वर्षी 10 डिसेंबरला लंडनच्या ओटू अरीनात लेड झेपेलिनची मंडळी पुन्हा एकत्र आली. प्लांट एकोणसाठचा. या वेळी मात्र काही गाण्यांची पट्टी चक्क उतरवली होती. ‘सेलिब्रेशन डे’ नावाने ते ध्वनिमुद्रण मिळतं. मॅडिसन स्क्वेअरमधल्या त्या चोवीस वर्षांच्या पोरापेक्षा हा म्हातारा कितीतरी निवांत गातो.