रोजंदारी आणि विद्यापीठ

‘रोजंदारी’ हा शब्द शेतमजुराच्या घरी वाढलेल्याला नवा नाही. परंतु ज्ञानदान करणाऱ्या विद्यापीठांतही माणसे वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबतात, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

महाराष्ट्राने १९७१ साली अनुचित कामगार प्रथांविरुद्ध कायदा केला. कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत या हेतूने एखाद्याला वर्षानुवर्षे बदली अथवा तात्पुरता ठेवणे, ही त्यात अनुचित प्रथा ठरविली गेली. पुढे ‘हेतूने’ हा शब्दच कळीचा ठरला.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील रोजंदारी कामगारांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००१ साली निकाल लागला. पदे निर्माण करणे शासनाच्या हाती. विद्यापीठाने तर ती मागितली होती. मग त्याचा हेतू वाईट कसा म्हणावा? आणि पदच नसेल तर कायम कोठे करावे? तात्पर्य, दोष कोणाचाच ठरला नाही आणि पद नसलेल्यांना कायमपणाही मिळाला नाही.

२००६ च्या उमादेवी निकालाने केवळ दीर्घ सेवेवरून कायम होण्याचा हक्क नाकारला. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात मात्र त्याच न्यायालयाने केंद्रीय जल आयोगातील जुन्या सफाई कामगारांना नियमित करण्याचा आदेश दिला.

काम दरवर्षी असते, माणूसही तोच असतो. मग नोकरीच तेवढी तात्पुरती कशी? कायद्याने हेतू शोधण्यापेक्षा वर्षे मोजावीत, असे मला वाटते.